बेटाभोवतीची फेरी आणि अनर्थदंड



इटलीहून परत आल्यावर भेटेल त्या बाईने मला पहिला प्रश्न विचारला, "तिथं खाल्लंत काय हो?" काय पाहिलं, हे विचारायचं फारसं कुणाला सुचलं नाही. खाण्याचं उत्तर सोपं आहे, ते पुढे देतेच. पण बस्तीत स्वाध्यायाला येणाऱ्या एका वयस्कर बाईंनी वेगळाच प्रश्न विचारला. काप्री बेटाचे माझ्या मोबाइलवरचे फोटो त्यांनी शेवटपर्यंत बघितले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "म्हणजे बोटीत बसायचं, बेटाभोवती फिरायचं आणि जिथून निघालो तिथंच उतरायचं. ना तीर्थ, ना व्यापार, ना कुणाची भेट. मग हा अनर्थदंडच नाही का गं?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आणि प्रश्न एकट्या माझ्यापुरता नाही. आता आपल्याकडून वर्षाला कितीतरी घरं युरोपला जातात. मुलं तिकडे असतात म्हणून जातात, नाहीतर जैन जेवणाची सोय असलेल्या सहलींतून जातात. सोबत महाराज म्हणजे स्वयंपाकी, डब्यात खाकरे आणि मेतकूट. जेवणाची शुद्धता आपण इतकी काटेकोर सांभाळतो, मग फिरण्याची शुद्धता म्हणून काही असते की नाही, याचा विचार व्हायला हवा असं मला वाटतं.

तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या व्रतांमध्ये दिग्व्रत, देशव्रत आणि अनर्थदंडविरती ही तिन्ही एका दमात सांगितली आहेत. पहिली दोन तर सरळ सरळ प्रवासावरचीच बंधनं आहेत. कुठल्या दिशेला किती लांब जाणार, हे आधी ठरव आणि ती रेघ ओलांडू नकोस. तिसरं व्रत म्हणजे ज्यातून काही साधत नाही अशी हिंसा टाळणं. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात त्याचे पाच प्रकार सांगितलेत. त्यातल्या प्रमादचर्येत उगाच माती उकरणं, पाणी उडवणं, विस्तव पेटवणं, झाडाची फांदी मोडणं येतं आणि त्याच यादीत विनाकारण भटकणं आणि दुसऱ्याला भटकवणंही येतं. दुसऱ्याला भटकवणं! सहल कंपन्यांना हे कुणीतरी वाचून दाखवायला हवं.

म्हणजे बाईंच्या बोलण्याला ग्रंथाचा आधार आहे. पण त्या यादीत मुख्य शब्द आहे तो निष्फळ या अर्थाचा. भटकणं निष्फळ असेल तर दोष. तेव्हा काप्रीच्या त्या फेरीचं फळ काय, हे आधी बघावं लागेल.

काप्री हे नेपल्सच्या आखाताच्या तोंडाशी असलेलं चुनखडीचं बेट. क्षेत्रफळ जेमतेम साडेदहा चौरस किलोमीटर, राहणारी माणसं तेरा-चौदा हजार. नेपल्स किंवा सोरेंटोहून मोठ्या बोटीने यायचं, मरीना ग्रांदे या उत्तरेच्या बंदरात उतरायचं आणि तिथूनच बेटाभोवती फिरवणाऱ्या छोट्या बोटी सुटतात. आमची बोट पूर्वेकडे वळली, म्हणजे बेट कायम उजव्या हाताला. हे माझ्या लगेच लक्षात आलं. मंदिरात आपण अशीच प्रदक्षिणा घालतो. सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तुम्हाला सगळीकडे बस्तीच दिसते." दिसते खरी.

पूर्वेच्या टोकाला कडा एकदम वर चढतो आणि माथ्यावर व्हिला योविस या राजवाड्याचे अवशेष आहेत. रोमचा सम्राट तिबेरिअस इसवी सन २७ ते ३७ अशी शेवटची दहा वर्षं या बेटावर राहिला आणि इथून पत्रं धाडून साम्राज्य चालवलं. बेटावर त्याचे बारा वाडे होते असं इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवलंय. नको असलेल्या माणसांना या कड्यावरून तो समुद्रात ढकलायचा, असं बोटीवरचा मुलगा उत्साहाने सांगतो. खरंखोटं इतिहासकार जाणोत. पण राज्य सोडून वनात गेलेल्या राजांच्या कथा ऐकत लहानाची मोठी झालेल्या बाईला ही कथा उलटी वाटते. एकांतात गेला, पण बारा वाडे घेऊन गेला. परिग्रह बोटीत भरून नेलेला एकांत.

मला त्या वाड्यातली वेगळीच गोष्ट आवडली. त्याच्या पोटात पावसाचं पाणी साठवायला प्रचंड टाकी बांधलेली आहेत. कारण काप्रीला स्वतःचं पाणी जवळजवळ नाही. शतकानुशतकं इथल्या लोकांनी छपरावरचं पाणी टाक्यांत धरून दिवस काढले. आता समुद्राखालून टाकलेल्या नळाने मुख्य भूमीवरून पाणी येतं. जून २०२४ मध्ये त्या पुरवठ्यात बिघाड झाला, तेव्हा काप्रीच्या महापौरांनी पर्यटकांना बेटावर उतरायलाच बंदी केली आणि निघालेल्या बोटी परत फिरल्या. बंदी त्याच दिवशी उठली, पण उन्हाळ्यात राहणाऱ्यांपेक्षा दिवसाला येणारे जास्त होतात अशा ठिकाणी पाणी कुणाच्या वाट्याचं, हे त्या एका दिवसात सगळ्यांना कळलं असणार. पाणी गाळून, जिवाणी जिथली तिथं विहिरीत सोडणाऱ्या आजीच्या हाताखाली वाढलेल्या बाईला हॉटेलातला शॉवर जरा लवकर बंद करावासा वाटतो, तो अशा बेटावर.

पुढे पांढरी गुहा, मग दगडाची नैसर्गिक कमान आणि दक्षिणेकडे वळलं की फाराल्योनी. समुद्रातून सरळ उभे राहिलेले तीन सुळके, शंभर मीटरच्या आसपास उंचीचे. एक जमिनीला चिकटलेला, बाहेरचा एकटा, आणि मधल्याला आरपार भोक, त्यातून बोट जाते. बाहेरच्या सुळक्यावर निळ्या रंगाची पाल सापडते, तशी जगात इतरत्र कुठे नाही. शंभर मीटरचा एक दगड, चहूकडे पाणी, आणि त्यावर एका जिवाने आपला निराळा रंग धरलाय. मी बराच वेळ मान वर करून बघत होते. ती दिसायची नाहीच, एवढ्या लांबून. पण आहे, हे माहीत असणं वेगळं.

मधल्या कमानीखालून जाताना जोडप्यांनी एकमेकांचा मुका घ्यायचा, म्हणजे नशीब उघडतं, अशी तिथली रीत. बोटीवरच्या मुलाने ती मोठ्याने जाहीर केली आणि आमच्याकडे बघून हसला. आमचे हे घाईघाईने उठून बोटीच्या नाकाकडचा फोटो काढायला गेले. चाळीस वर्षांत इतक्या चपळाईने उठलेले पाहिले नव्हते.

आता निळी गुहा. ग्रोत्ता अझ्झुर्रा. वायव्येच्या काठावर पाण्याला लागून एक भोक, जेमतेम मीटरभर उंच. मोठ्या बोटीतून उतरून चौघांच्या होडीत बसायचं, प्रत्येकी अठरा युरो द्यायचे, होडीच्या तळाशी आडवं व्हायचं आणि नावाडी भिंतीवरची साखळी धरून लाटेच्या उतारावर होडी आत ओढतो. आत गेल्यावर पाणी असं निळं, जणू खालून कुणी दिवा लावलाय. आणि खरोखर प्रकाश खालूनच येतो. दिसणाऱ्या भोकाखाली पाण्यात बुडालेलं याहून मोठं तोंड आहे, त्यातून ऊन पाण्यातून गाळून आत येतं. पाणी तांबडा रंग गिळून टाकतं आणि निळा तेवढा उरतो. हात बुडवला तर चंदेरी दिसतो. स्थानिक लोक या गुहेला भुताटकीची जागा समजून टाळत असत. १८२६ मध्ये ऑगस्ट कोपिश नावाचा जर्मन लेखक-चित्रकार गावातल्या कोळ्याला घेऊन आत पोहत गेला आणि तेव्हापासून जगभर बोलबाला झाला. रोमन लोकांना ती आधीच ठाऊक होती. १९६४ मध्ये तळातून त्यांच्या समुद्रदेवांचे पुतळे निघाले.

सौंदर्य बघण्यात पाप आहे असं मला वाटत नाही. ती निळाई बघताना माझ्या मनात ना हव्यास होता, ना राग. पाच मिनिटं नुसती शांतता. सामायिकाला बसल्यावर सुद्धा मला इतकी सलग पाच मिनिटं मिळत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगते. पण गुहेबाहेरचं चित्र निराळं. आठ-दहा मोटारबोटी इंजिनं चालू ठेवून आपला क्रमांक यायची वाट बघत तासभर हेलकावत असतात. डिझेलचा वास, उलट्या, वैतागलेली पोरं. त्या पाच मिनिटांच्या निळाईच्या नावे हा तासही लिहावा लागतो, जमेच्या बाजूला एकटी निळाई मांडून खातं जुळत नाही. ज्यांना गुहाच बघायची आहे त्यांनी आनाकाप्रीहून बसने गुहेच्या माथ्यापर्यंत यावं, पायऱ्या उतराव्यात आणि थेट छोट्या होडीत बसावं. होडी वल्ह्यांवर चालते. इंजिनांची रांग तेवढी कमी होते. समुद्र खवळला की गुहा बंद ठेवतात, तेव्हा हुज्जत घालू नये.

आता मला ज्या गोष्टीसाठी ही फेरी निष्फळ वाटत नाही, ती सांगते. मरीना ग्रांदेच्या वर बार्बारोसा नावाचा डोंगर दिसतो आणि त्याच्या अंगावर, आनाकाप्रीच्या कडेला एक पांढरं घर, व्हिला सान मिकेले. ते ॲक्सेल मुंते या स्वीडिश डॉक्टराने बांधलं. त्याचं या घरावरचं पुस्तक १९२९ मध्ये निघालं आणि कितीतरी भाषांत गेलं. पण मला पुस्तकापेक्षा त्याचा डोंगर महत्त्वाचा वाटतो. वसंतात आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून लावे पक्षी येतात. दमून अर्धमेले झालेले असतात, आणि पहिली जमीन दिसते ती काप्रीसारखी बेटं. तिथं लोकांनी उंच काठ्यांवर जाळी बांधून ठेवलेली असत. पक्षी जाळ्यात यावेत म्हणून काही लाव्यांचे डोळे तापलेल्या सुईने फोडून त्यांना पिंजऱ्यात ठेवत. आंधळा पक्षी दिवसरात्र ओरडत राहतो आणि त्याच्या हाकेने इतर उतरतात. हा धंदा इतका मोठा होता की इथल्या बिशपला लाव्यांचा बिशप म्हणत, कारण त्याचं उत्पन्न त्यांच्यावर चाले.

मुंतेने याविरुद्ध वर्षानुवर्षं खटपट केली आणि शेवटी तो डोंगरच विकत घेतला, म्हणजे निदान तिथं तरी जाळी लागू नयेत. पुढे सरकारने बेटावर पक्षी धरायला मनाई केली. आणि १९५६ पासून स्वीडनचे पक्षीअभ्यासक त्याच भागात येणाऱ्या पक्ष्यांच्या पायात कडी घालून, नोंद करून त्यांना सोडून देतात. ज्या वाटेवर त्यांची मान मुरगळत, त्याच वाटेवर आता त्यांची मोजणी होते. मुंतेला स्वतःला उतारवयात डोळ्यांच्या दुखण्याने जवळजवळ आंधळेपण आलं होतं. कृपा करून कुणी इथं कर्मसिद्धांत लावायला जाऊ नका. अशा घाईच्या जोडण्यांनी सिद्धांत स्वस्त होतो.

हा माणूस जैन नव्हता, शाकाहाराच्या व्याख्यानाला कधी बसला नव्हता. आपल्याकडे पांजरपोळाला देणगी देऊन पावती घेण्याची रीत आहे, तीही चांगलीच. पण जीवदया म्हणजे एका माणसाने सगळ्या गावाच्या उत्पन्नाविरुद्ध उभं राहणं, हे मला एका बोटीतून दिसणाऱ्या डोंगराने शिकवलं. ज्यांना जायचं आहे त्यांनी घरातून निघण्याआधी एवढं वाचून निघावं. नाहीतर डोंगर दिसतो आणि फोटो निघतो.

आणि आपण जीवदयेच्या नावाने तिथं काय करतो? आमच्या बोटीतल्या एका आपल्याच कुटुंबाने खाकऱ्याचा चुरा समुद्रात टाकायला सुरुवात केली. मासे आले, सीगल आले, पोरांनी टाळ्या वाजवल्या. "पुण्य आहे," असं त्यांची आजी म्हणाली. चुऱ्यावर मासे येतात आणि त्याच माशांवर सीगल झडप घालतात. यात जे मरतात त्यांचा हिशेब कुणाच्या नावे? अनर्थदंड शोधायचा तर इथं शोधावा. तळ्यातल्या माशांना कणकेचे गोळे घालायची आपली सवय समुद्रावर न्यायचं कारण नाही.

तसंच खासगी बोटीचं. चाळीस माणसांच्या बोटीत जेवढं डिझेल जळतं, त्याचा वाटा एकेकाला थोडा येतो. चौघांसाठी वेगळी वेगवान बोट घेऊन, मध्येच नांगर टाकून पोहायला उतरण्याची आता फॅशन आहे. भूमध्य समुद्राच्या तळाशी पोसिडोनिया नावाचं गवत असतं. शेवाळ नव्हे, फुलं-फळं येणारी खरी वनस्पती. त्यात माशांची पिल्लं वाढतात. ओढत जाणारा नांगर ते मुळासकट उपटतो आणि ते वाढतं फारच हळू. कंदमुळं न खाणाऱ्या माणसांनी निदान हे मूळ तरी उपटू नये.

या सगळ्यात मला सारखं आठवत होतं ते शिखरजी. २०१९ च्या अधिसूचनेत पारसनाथ डोंगराच्या परिसरात पर्यटनाचा उल्लेख आला आणि पुढे देशभर आपला समाज रस्त्यावर उतरला. ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने तिथल्या पर्यटनाला स्थगिती दिली. आपलं म्हणणं काय होतं? वीस तीर्थंकर जिथून मोक्षाला गेले त्या डोंगरावर लोक मौज म्हणून येतील, खातील-पितील, कचरा टाकतील, मोठ्याने गाणी लावतील. ते म्हणणं बरोबरच होतं, मीही मोर्चात होते. पण मग दुसऱ्याच्या बेटावर गेल्यावर आपण कोण असतो? तिथं आपण तेच मौजेचे लोक. काप्री त्यांचं तीर्थ नसेल, पण घर आहे. २०१९ पासून तिथं एकदाच वापरून टाकायच्या प्लास्टिकला बंदी आहे, आणि तरी आपल्या गटातल्या काहींनी प्लास्टिकचे चमचे सोबत आणले होते, "आपलं ताट वेगळं" म्हणून. स्टीलचे चमचे जड नसतात.

म्हणून त्या बाईंना मी जे सांगितलं ते असं. फेरी निष्फळ करायची की नाही, ते बोटीत बसणाऱ्याच्या हाती आहे. तुमचं म्हणणं मला अर्धं पटतं. पण समुद्राचीच भीती असती तर आपल्या श्रीपालाच्या कथेत जहाजं आलीच नसती, आणि धवलशेठही. त्या म्हणाल्या, "श्रीपाल काही फोटो काढायला गेला नव्हता." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी यंदा माझ्याकडून दिग्व्रताची मर्यादा लिहून घेतली आहे. मी ती आपखुशीने दिली. चातुर्मासाच्या आत परत आलो होतो, हे एक बरं झालं.

जाता जाता पोवळ्याबद्दल. नेपल्सजवळचं तोर्रे देल ग्रेको हे लाल पोवळ्याच्या कोरीव कामाचं जुनं गाव, आणि काप्रीच्या दुकानांतही ते खूप दिसतं. माझ्या जाऊबाईंनी मंगळासाठी एक आणायला सांगितलं होतं. भूमध्य समुद्रातलं पोवळं रोमन काळापासून आपल्या भडोच बंदरात उतरत आलंय, त्यामुळे ही आवड काही आजची नाही. आपल्या ग्रंथांत प्रवाळ पृथ्वीकायात मोजलेलं आहे. पण आज आपल्याला माहीत आहे की ते समुद्रातल्या बारीक जिवांनी बांधलेलं घर असतं, बोटभर वाढायला कित्येक वर्षं लागतात आणि तोडलं की ते जीव संपतात. रेशीम सोडलेल्या बायकांनी याचाही विचार करावा, असं माझं मत. मी आणलं नाही. जाऊबाई आठवडाभर रुसल्या होत्या, मग त्यांनी इथल्याच सराफाकडून घेतलं. तेही इटलीचंच निघालं!

आणि खाण्याचं. जूनमध्ये तिथं सूर्य साडेआठनंतर मावळतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवायला अडचण काहीच नाही. टोमॅटो, तुळशीसारखी बेसिलची पानं आणि मोझरेला यांचं काप्रीचं म्हणून जे सॅलड मिळतं, त्यात कांदा-लसूण नसतो, म्हणून आपले लोक निर्धास्त खातात. पण तिथलं म्हशीच्या दुधाचं अस्सल मोझरेला वासराच्या जठरातल्या रेनेटने दूध फाडून करतात, पार्मेजान चीजही तसंच. चीज वगळून मागा, देतात. लिंबं मात्र उत्तम, सरबत करून घ्या.

बोटीत उजव्या बाजूला बसा. फेरी पूर्वेकडून निघाली तर बेट सगळं तिकडूनच दिसतं. आलं-लिंबाची गोळी तोंडात ठेवा, फाराल्योनीच्या पुढे लाटा मोठ्या असतात.